गळ आणि गाळ

दिवाळीत वडगावचे माग चार दिवस बंद.
म्हणून आत्ताच, आश्विन लागला नाही तोवर,
साडीच्या खोक्याच्या पाठीवर मी यादी लिहितोय:
काठ्या पाच, रिळं तीन,
भुईमुगाची पेंड अर्धा किलो,
कणिक, हळद, गांडुळं
(सातेरीच्या परसातली, त्यानं कबूल केलीत,
पण सातेरी काय कबूल करत नाही?)
बॅटरी. सोलं. टेंपोसाठी त्याच्या मेहुण्याला
गळ घालायची आहे, ती आधी.
मीठ. मागल्या खेपेला विसरलो होतो
आणि भरमू अजून बोलतोय.

कुठं जायचं यावरच दोन रविवार गेले.
राकसकोपला नको, ते शहराचं प्यायचं पाणी,
शिपाई शिट्टी मारतो.
खानापूरकडं गावागणिक तळं,
सातेरी नावं सांगत सुटला की चहा निवतो.
नविलुतीर्थ लांब. तिलारीला जळवा.
भरमूला कुठंही चालतं.
त्याला मासा नको, त्याला गाठ मारायची असते,
तुटल्या धाग्याला मागावर मारतो तीच,
चिमटीत, न बघता,
नायलॉनवर बसली की गळ तुटेल, गाठ नाही.

शेवटी बसलिंगाप्पानं तोंड उघडलं.
"हिडकल," म्हणाला. एवढंच.

बसलिंगाप्पा सूत रंगवतो. नखं कायमची निळी.
गळ्यात लिंगाची चांदीची डबी,
पिशवीत जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी.
मासे खात नाही.
आमच्या चुलीपासून वीस पावलं लांब बसतो,
वारा फिरला की तोही उठून जागा फिरवतो.
आणि बारा वर्षांत सगळ्यात जास्त मासे
त्याच्याच काठीला लागलेत.
हात भिजवून घेतो, जबड्यातनं गळ सोडवतो,
आम्ही ओरडतो, "आरं, टोपली हिकडं हाय की!"
तोवर मासा पाण्यात.
भरमू मग संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलत नाही.

गळाला तो कानडीत गाळ म्हणतो.
पहिल्या वर्षी सातेरी हसून लोळला होता:
"गाळ टाकून मासा धरतोस व्हय रे?"
आता आम्हीही तसंच म्हणतो.
गाळ दे. गाळ अडकला. गाळाला काय लावलंस?

या रविवारी त्यानं पिशवीतून
घड्यांवर विरलेला एक नकाशा काढला.
मोजणीचा. वडलांच्या नावाचा. शाई जांभळी.
खोक्यावर पसरला, माझी यादी झाकून.
"हा बांध," निळं नख ठेवून म्हणाला.
"बांधाला दगड. दगडाच्या आडाला मरळ.
ही विहीर. इथं दोरी सोडू नका, पुरणार नाही.
हे चिंचेचं झाड. तोडून नेलं,
पण मुळं असतील. वाम मुळात शिरते.
इथं ऊस."
थांबला.
"इथं सगळा ऊसच. आता कटला फिरतो,
मोकळं लागतं त्याला."

बारा वर्षं आम्हाला वाटत होतं
त्याचा हात चांगला आहे.

मी पेन्सिल घेऊन त्याच्या नखामागून
खोक्यावर रेघा ओढत गेलो,
बांध, विहीर, पाणंद,
किती पाण्याखाली आहे ते तो हातांत सांगत होता,
आठ हात, अकरा हात,
जसं कुणी पोराची उंची सांगावी.

सातेरीनं विचारलं, "आन् घर?"

नकाशाच्या एका कोपऱ्याला शाई पुसलेली होती,
बोट लावून लावून पुसावी तशी.
"तिथं मासे नसतात," बसलिंगाप्पा म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
"तिथं गाळ टाकू नका."

भरमू रिळावरून मान न उचलता म्हणाला,
"कानडीतला, का आपला?"

त्यानं नकाशाची घडी घातली,
जुन्याच घड्यांवरून, सावकाश.

हत्तरगीच्या फाट्याला पहाटे पाच वाजता.
मीठ माझ्याकडं.